आई-वडील परगावी, मूल घरी : प्रश्न वयाचा नव्हे, तयारीचा

सोलापूर, प्रतिनिधी – पुण्याला जवळच्या नात्यात लग्न आणि त्याच आठवड्यात मुलाची बारावीची पूर्वपरीक्षा. तिरुपतीची तिकिटे काढून झालेली, पण मुलीच्या क्लासला सुटी नाही. शहरातील असंख्य घरांत वर्षातून एकदा तरी हा पेच उभा राहतो. मुलाला दोन दिवस घरी एकटे ठेवावे की प्रवासच रद्द करावा? निर्णय बहुधा घाईत होतो. तो विचारपूर्वक घेता यावा, यासाठी कायद्याची आणि व्यवहाराची ही माहिती.

हा प्रश्न पूर्वी इतका तीव्र नव्हता. घरातली वडीलधारी माणसे आषाढीला पायी पंढरपूरला निघाली, तरी मागे काकू-आत्या असत. पेठांमधील वाड्यांत आणि गिरणी कामगारांच्या चाळींत शेजारचे दार उघडेच असे. जुळे सोलापूर, विजापूर रस्ता, होटगी रस्ता या भागांत सदनिका वाढल्या, कुटुंबे तीन-चार माणसांची झाली आणि मागे राहणारे माणूसच उरले नाही.

कायदा काय सांगतो?

मुलाला घरी एकटे ठेवण्यासाठी किमान वय किती असावे, हे भारतातील कोणताही कायदा आकड्यात सांगत नाही. मात्र याचा अर्थ पालक मोकळे आहेत, असा नव्हे. अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत मूल अज्ञान मानले जाते. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 75 नुसार ताब्यातील मुलाची जाणूनबुजून अशी हेळसांड केली, की त्यामुळे त्याला अनावश्यक शारीरिक वा मानसिक क्लेश होण्याची शक्यता असेल, तर तो गुन्हा ठरतो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 93 बारा वर्षांखालील मुलाला कायमचे सोडून देण्याच्या हेतूने टाकून जाणाऱ्या पालकांविषयी आहे. लग्नाला गेलेल्या आई-वडिलांना ते लागू होत नाही.

ब्रिटनमध्येही कायद्याने वय ठरवून दिलेले नाही. तेथील बालसंरक्षण क्षेत्रातील एनएसपीसीसी ही संस्था मात्र दोन मर्यादा सुचवते. बारा वर्षांखालील मुले दीर्घकाळ एकटी राहण्याइतकी क्वचितच परिपक्व असतात आणि सोळा वर्षांखालील मुलांना रात्रभर एकटे ठेवू नये. आपल्याकडेही हा ढोबळ मापदंड म्हणून उपयोगी पडेल.

वयापेक्षा चार प्रश्न महत्त्वाचे

एकाच इयत्तेतील दोन मुलांची तयारी सारखी नसते. म्हणून पुढील प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे शोधावीत.

पहिला प्रश्न परतीचा. मध्यरात्री फोन आला, तर आपण किती वेळात घरी पोहोचू? पुणे सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे, म्हणजे चार-पाच तास. मुंबईहून निघाल्यास सकाळ उजाडते. तिरुपतीहून परतायचे तर अख्खा दिवस जातो. अंतर वाढेल, तशी जवळच्या मोठ्या माणसाची गरज वाढते.

दुसरा प्रश्न, दहा मिनिटांत दाराशी येऊ शकेल असे माणूस कोण? ही व्यक्ती पालकांनी परस्पर ठरवू नये. मुलांवरील लैंगिक अत्याचारांत आरोपी बहुतांश वेळा ओळखीचाच असतो. ‘तुला कोणाला बोलावणे सोयीचे वाटेल?’ असे मुलालाच विचारावे आणि एखाद्या नावाला त्याने नकार दिला, तर त्याचा मान राखावा.

तिसरा प्रश्न, मूल एकटेच राहणार की धाकट्या भावंडासह? स्वतःला सांभाळणे आणि दुसऱ्याला सांभाळणे या दोन वेगळ्या जबाबदाऱ्या आहेत. सतरा वर्षांची मुलगी एकटी उत्तम राहू शकेल, पण आठ वर्षांच्या भावाचा ताप तिच्यावर सोपवणे योग्य नव्हे. ‘मुलगा आहे, राहील, मुलीला मावशीकडे धाडू’ हा हिशेबही तपासून पाहावा. स्वयंपाक न येणारा, दार न लावता झोपणारा मुलगा केवळ मुलगा असल्याने तयार ठरत नाही.

चौथा प्रश्न, मुलाची स्वतःची इच्छा काय? ‘तू आता मोठा झालास’ या वाक्यापुढे भीती बोलून दाखवणे अवघड जाते.

पायरीपायरीने सराव

थेट तीन दिवसांचा प्रवास हा पहिला प्रयोग असू नये. आधी दिवसाचे चार तास, मग सकाळ ते रात्र, त्यानंतर आई-वडील शहरातच नातेवाइकांकडे असताना एक रात्र, असा क्रम ठेवावा. प्रत्येक वेळी परतल्यावर काय अडले, ते विचारावे.

घर सोडण्यापूर्वी

गॅस : रेग्युलेटर बंद करण्याची सवय मुलाकडून करवून घ्यावी. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. वास आल्यास दिव्याचे वा पंख्याचे बटण चालू-बंद करू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि बाहेरूनच 1906 या क्रमांकावर फोन करावा. बंद न्हाणीघरात गॅस गिझरमुळे विषारी कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. या काळात तो न वापरणेच उत्तम.

पाणी आणि वीज : ज्या भागात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे मोटार लावण्याचे काम मुलावर टाकू नये. ओल्या हाताने मोटार हाताळणे धोक्याचे आहे. टाकी आधीच भरून ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत येथील पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत दुपारी बाहेर न पडण्याची सूचना द्यावी.

वाहन : दुचाकीची किल्ली घरी ठेवू नये. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.

दार आणि मोबाइल : अनोळखी व्यक्तीला दार उघडू नये, आई-बाबा गावाला गेले आहेत, हे फोनवर वा समाजमाध्यमांवर सांगू नये. ओटीपी कोणालाही देऊ नये.

मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावायचे क्रमांक असे : आपत्कालीन मदत 112, रुग्णवाहिका 108, अग्निशामक दल 101, मुलांसाठी मदतवाहिनी 1098, सायबर फसवणूक 1930. त्याखाली शेजारी आणि डॉक्टरांचे क्रमांक लिहावेत. मोबाइल बंद पडला, तरी कागद बंद पडत नाही.

थांबावे कधी?

मुलाला अपस्मार, दमा किंवा इन्सुलिन घ्यावे लागणारा मधुमेह असेल, ते अलीकडे निराश वा अबोल झाले असेल, निकाल तोंडावर असेल किंवा घरात नुकताच मोठा वाद झाला असेल, तर प्रवास पुढे ढकलावा अथवा आजी-आजोबांना बोलावून घ्यावे. यात मुलावर अविश्वास नाही.

अखेरीस एक कसोटी उरते. काच फुटली, पैसे हरवले, मित्राने नको ते घरी आणले, तर आपले मूल त्याच क्षणी आपल्याला फोन करील का, की ओरडा बसेल म्हणून लपवील? फोन करील अशी खात्री असलेले पंधरा वर्षांचे मूल हे सारे लपवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलापेक्षा अधिक तयार आहे. ती खात्री प्रवासाच्या आदल्या रात्री सूचना देऊन मिळत नाही. मागच्या वेळी मुलाने चूक कबूल केली तेव्हा आपण कसे वागलो, यावरून ती ठरते.