एझोव आणि ओवा

पेसाहच्या दिवसांत आपण मिसर देशातून झालेल्या सुटकेची कथा वाचतो. शेमोथच्या १२व्या अध्यायात एझोवची जुडी कोकराच्या रक्तात बुडवून दाराच्या चौकटीस लावण्याची आज्ञा आहे. हा एझोव कोणता? रामबाम (११३८–१२०४) सांगतात, घरोघरी लोक जेवणात घालतात तोच. इथल्या बाजारात झातर या नावाने जो मसाला आपण घेतो, त्यातला मुख्य पाला याच झुडपाचा. गरिझीम डोंगरावर शोमरोनी लोक पेसाहच्या यज्ञात आजही तोच वापरतात.

इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, पारा या भागात, ग्रीक एझोव, रोमी एझोव, वाळवंटी एझोव अशी नावे येतात. ज्याला असे जोडनाव आहे तो शुद्धीकरणाच्या विधीस चालत नाही. एका नावाखाली अनेक झाडे वावरतात, हे पूर्वजांनी ओळखले होते.

पण खरा एझोवही सगळा सारखा नसतो. काही रानझुडपांच्या तेलात कार्वाक्रॉल जास्त, तर काहींत थायमॉल. थायमॉल आपल्याला परके नाही. कोकणात पोट दुखले की आई ओवा चावायला देई. त्याचा झणझणीत वास थायमॉलचाच, आणि ओव्याचे फूल म्हणतात तेही थायमॉलच. दोन्ही द्रव्यांत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १४ व ऑक्सिजनचा १ अणू असतो. फरक एवढाच की ऑक्सिजन वेगळ्या जागी जोडलेला असतो. उन्हापाण्याप्रमाणे तेल कमीजास्त होते. परंतु कोणते द्रव्य वरचढ राहील, हे मुख्यतः झुडपाच्या बीजावर ठरते.

व्यापारासाठी हे झुडूप इतके खुडले जाऊ लागले की १९७७ साली इस्राएल सरकारने त्याला संरक्षित ठरविले. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरातून पाला आणणाऱ्या अरब कुटुंबांना हा निर्बंध जाचक वाटला, आणि त्यांचे दुःखही समजून घेतले पाहिजे. पुढे शेतांतून लागवड वाढली, आणि आज बाजारात मिळतो तो पाला बहुतेक शेतातलाच. मात्र शेतकरी निवडक वाणच लावतो. बाकीची विविधता गालील, कार्मेल आणि यहुदाच्या डोंगरांवरच उरते. तिथले झुडूप गेले की त्याचा वासही गेला.

म्हणून मुलांना घेऊन डोंगरावर गेलो, तर पान बोटांत हलकेच चुरून हुंगू या. ओव्याची आठवण झाली तर त्यांना आजीची गोष्ट सांगू या. झुडूप मात्र तिथेच राहू दे.