पाण्याची दुष्फेनता व तिचे गणन

साबणाबरोबर न विरघळणारा साका तयार करून फेस होऊ न देण्याचा पाण्याचा गुणधर्म म्हणजे दुष्फेनता होय. हा गुणधर्म मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या लवणांमुळे येतो. व्यवहारात अशा पाण्यास ‘जड पाणी’ म्हणतात. त्यात डाळ लवकर शिजत नाही, धुण्यास साबण अधिक लागतो व पाणी तापविण्याच्या भांड्यात पांढरट थर बसतो. दुष्फेनता हा स्वतंत्र पदार्थ नसून निरनिराळ्या लवणांच्या परिणामांची एकाच परिमाणात मांडलेली बेरीज आहे. ती बिनचूक कशी करावी, हे ठरण्यास दीर्घ काळ लागला.

सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचा परिसर अवर्षणप्रवण असून तो दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकावर वसलेला आहे. बेसाल्टातील फेल्स्पार खनिजांपासून कॅल्शियम, तर पायरोक्सीन खनिजांपासून कॅल्शियम व मॅग्नेशियम ही दोन्ही मिळतात. झिरपणाऱ्या पाण्यात मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड विरघळतो व त्याच्या सौम्य अम्लतेमुळे ही खनिजे सावकाश अपघटन पावून बायकार्बोनेटे तयार होतात. म्हणून अशा प्रदेशातील विहिरींच्या पाण्याचा विचार करताना मॅग्नेशियमचा वाटा वगळून चालत नाही.

इतिहास : लंडनमधील एका पंपाच्या पाण्यातील चुन्याचा अंश कार्बन डाय-ऑक्साइडामुळे (तेव्हाच्या परिभाषेत ‘बद्ध वायू’मुळे) विरघळलेला राहतो, असे हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७६७ मध्ये दाखविले. ॲबर्डीन येथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक टॉमस क्लार्क यांनी १८४१ मध्ये चुन्याची निवळी घालून पाणी मृदू करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. प्रमाणित साबण-विद्राव थोडाथोडा घालून पाणी हलवावयाचे व टिकाऊ फेस येण्यास किती विद्राव लागला ते मोजावयाचे, ही कसोटीही त्यांचीच. एका इंपीरियल गॅलनमध्ये एक ग्रेन कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे एक क्लार्क अंश. तो लिटरमागे सुमारे १४·३ मिग्रॅ. भरतो. फ्रेंच अंश लिटरमागे १० मिग्रॅ. कॅल्शियम कार्बोनेटाचा, तर जर्मन अंश १० मिग्रॅ. कॅल्शियम ऑक्साइडाचा मानतात.

बाष्पशक्तीच्या प्रसारामुळे या मापनास आर्थिक महत्त्व आले. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली व १९५४ मध्ये शासनाच्या ताब्यात आली. तिच्यासारख्या मार्गांवरील वाफेच्या एंजिनांस वाटेत मिळेल ते पाणी घ्यावे लागे. दुष्फेन पाण्याने बाष्पित्राच्या नळ्यांवर पपडी धरते. ती उष्णतेची मंदवाहक असल्याने इंधन अधिक जळते व नळ्या अतितप्त होऊन निकामी होतात.

साबण-कसोटीत मॅग्नेशियमाची विक्रिया मंद असल्याने फेस वेळेआधीच टिकल्याचा भास होतो व दुष्फेनता कमी मोजली जाते. चुनखडकातील पाण्यापेक्षा बेसाल्टातील पाण्याच्या बाबतीत हा दोष अधिक जाणवतो. १९४० नंतरच्या दशकात झुरिक येथील गेरोल्ड श्वार्झेनबाख यांनी ईडीटीए या संयुगाचा वापर करून केलेले अनुमापन रूढ केले. त्यात दर्शकाचा तांबडा रंग निळा होताच कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची एकत्रित राशी कळते.

गणन : रासायनिक विश्लेषण उपलब्ध असल्यास दुष्फेनता आकडेमोडीनेही काढता येते. तुल्यभारांचा विचार करता, लिटरमागील मिग्रॅ. मध्ये दिलेल्या कॅल्शियमास २·५ ने व मॅग्नेशियमास ४·१२ ने गुणून येणारी बेरीज ही कॅल्शियम कार्बोनेटाच्या रूपातील एकूण दुष्फेनता होय. सोडियम व पोटॅशियम यांची लवणे हिशेबात धरत नाहीत. म्हणून खारट पाणी दुष्फेन असेलच असे नाही.

उदा., एका कल्पित नमुन्यात लिटरमागे कॅल्शियम ६० मिग्रॅ., मॅग्नेशियम ३६ मिग्रॅ. व बायकार्बोनेट ३०५ मिग्रॅ. आहे. कॅल्शियमाचे १५० व मॅग्नेशियमाचे १४८ मिळून एकूण दुष्फेनता २९८ मिग्रॅ. येते. केवळ कॅल्शियम मोजले असते, तर जवळजवळ निम्मी दुष्फेनता नजरेआड झाली असती. बायकार्बोनेटास ०·८२ ने गुणल्यास २५० येतात. तेवढी दुष्फेनता अस्थायी असून ती पाणी उकळल्याने बरीचशी जाते. उरलेली ४८ मिग्रॅ. सल्फेट, क्लोराइड व नायट्रेट यांच्याशी निगडित म्हणजे स्थायी होय. ती घालविण्यास धुण्याचा सोडा किंवा आयन-विनिमय लागतो. बायकार्बोनेटाचा आकडा एकूण दुष्फेनतेपेक्षा मोठा आल्यास सर्व दुष्फेनता अस्थायी समजतात.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिग्रॅ., तर अन्य स्रोत नसल्यास ६०० मिग्रॅ. आहे. विहिरीच्या पाण्याची दुष्फेनता ऋतुमानानुसार बदलते. त्यामुळे नमुना घेतल्याची तारीख व विहिरीची खोली यांची नोंद नसेल, तर बिनचूक गणनाचाही उपयोग मर्यादितच राहतो.