ब्लाउंट विकार

लहान मुलांच्या नडगीच्या हाडाचा वाढीतील विकार. गुडघ्याच्या लगेच खाली या हाडाची आतल्या बाजूची वाढ मंदावते, बाहेरची मात्र चालू राहते; परिणामी नडगी आत कलते, पाऊलही आत वळते आणि मूल फेंगडे चालते. एर्लाखर यांनी १९२२ मध्ये या विकाराची नोंद केली, तर अमेरिकी अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९३७ मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली.

पाय वाकले म्हणजे कॅल्शियम कमी, हा समज येथे लागू पडत नाही; त्यापायी औषधाच्या बाटल्या रित्या होतात आणि मोलाचे वर्ष हातचे जाते. कॅल्शियमच्या कमतरतेशी निगडित मुडदुसात शरीरभरच्या वाढचकत्या, म्हणजे हाडांच्या टोकांजवळचे वाढीचे थर, बिघडतात, एक्स-रेत त्यांच्या कडा विसकटलेल्या दिसतात आणि रक्ततपासणीतही दोष आढळतो. ब्लाउंट विकारात रक्त निर्दोष असते. एक्स-रेत गुडघ्याखालचा आतला कोपरा तेवढा चोचीसारखा खाली झुकलेला दिसतो. दोष असा एकाच जागी असल्याने संशय भारावर जातो, कारण अतिदाबाखाली वाढचकतीची वाढ मंदावते. वर्षाच्या आत चालू लागलेल्या आणि वजनदार मुलांत हा विकार अधिक आढळतो. यावर आक्षेप असा, की सर्वच लठ्ठ मुलांचे पाय वाकत नाहीत आणि कधी एकच पाय वाकतो. आक्षेप रास्त आहे. आनुवंशिकतेचाही वाटा असावा. मात्र सुरुवात कशानेही होवो, बाक आला की भार आतल्या बाजूवर वाढतो आणि वाढ आणखी खुंटते. चौथ्या वर्षाआधी हाड कापून भार बाहेरच्या बाजूला वळवला, तर आजारी चकती अनेकदा सावरते, हा या मताचा सर्वांत भक्कम पुरावा होय.

दोन वर्षांखालील बहुतेक मुलांचे पाय मुळातच बाकदार असतात व आपोआप सरळ होतात, मग घाई कशाला, असेही विचारले जाते. थांबणे योग्यच, पण मोजमाप घेत. दोन वर्षांनंतरही बाक टिकला, एक पाय अधिक वाकला किंवा पाऊल टेकताना गुडघा बाहेर हिसकला, तर एक्स-रे काढावा. नडगीच्या वरच्या भागातील कोन १६ अंशांहून मोठा असल्यास बाक वाढण्याची शक्यता दाट असते. लांगेनशल्ड यांनी १९५२ मध्ये विकाराच्या सहा पायऱ्या सांगितल्या. शेवटच्या पायरीवर चकतीच्या आरपार हाडाचा पूल तयार होतो. हा पूल तसाच ठेवून पाय सरळ केला, तर वाढत्या वयात पाय पुन्हा वाकतो.