पंचहौदातला चहा आणि न्यायमूर्ती रानडे



१६ जानेवारी हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा स्मृतिदिन. १९०१ साली याच दिवशी ते मुंबईत वारले. ते ख्रिस्ती नव्हते, प्रार्थना समाजाचे होते. तरीही आपल्या मंडळीने त्यांची आठवण ठेवावी असे आम्हांला वाटते, कारण त्यांच्या आयुष्यातला एक अवघड प्रसंग आपल्याच अंगणात सुरू झाला.

रानड्यांचे नाव काढले की उच्च न्यायालय आठवते. तिथे ते १८९३ मध्ये गेले. त्याआधीची कितीतरी वर्षे पुणे, नाशिक, धुळे अशा ठिकाणी जिल्ह्यातल्या न्यायाधीशाची होती. १८७५ साली दख्खनच्या शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला आणि १८७९ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा आला. त्या कायद्याने न्यायाधीशाला रोख्यावरच्या आकड्यावर थांबू दिले नाही. मूळ रक्कम किती, व्याज किती, परतफेड किती झाली, हा सगळा हिशेब मागे जाऊन तपासायचा. या कायद्याखाली चालणाऱ्या न्यायालयांचे काम पाहत रानडे गावोगाव फिरले. कागद काय म्हणतो याहून माणसावर काय गुदरले हे पाहण्याची सवय त्यांना तिथे लागली असावी, असा आमचा तर्क आहे.

घरात मात्र निवाडा इतका सोपा नव्हता. पहिली पत्नी १८७३ मध्ये वारली. विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता आता विधवेशीच लग्न करील, असे सुधारकांना वाटत होते. पण वडिलांच्या आग्रहापुढे ते नमले आणि अकराव्या वर्षात असलेल्या रमाबाई घरात आल्या. लोक हसले, आणि त्यात लोकांचे फारसे चुकले असे आम्हांला म्हणवत नाही. पण त्याच मुलीला रानड्यांनी पाटी-पेन्सिल दिली आणि मराठीनंतर इंग्रजीही शिकवली. घरच्या बायकांची बोलणी रमाबाईंनी वर्षानुवर्षे सोसली. पहाटे रानडे तुकोबांचे अभंग म्हणत भजनात रंगून जात, तेही त्यांनीच लिहून ठेवले आहे.

आता तो चहा. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एका सभेचे बोलावणे होते. सभेनंतर चहा आणि बिस्किटे आली. चाळीसहून अधिक पाहुणे होते. त्यांत रानडे होते, टिळक होते, गोखलेही होते. कुणी चहा घेतला, कुणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी सगळ्यांची नावे ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि गावात ग्रामण्य उभे राहिले. ख्रिस्ती माणसाच्या हातचा चहा म्हणजे जातीबाहेर! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. ज्यांच्यावर बहिष्कार पडला त्यांच्या घरी श्राद्धाला भटजी मिळेना, लेकीबाळींची लग्ने अडली. शेवटी १८९२ मध्ये अडचणीत सापडलेल्या मित्रांसाठी रानड्यांनी त्यांच्याबरोबर प्रायश्चित्त घेतले. (प्रायश्चित्त हा शब्द आपल्याला प्रभूच्या क्रूसापाशी नेतो. तिथे त्याचा अर्थ एवढाच होता, की विधी करा आणि पंगतीत या.)

सुधारकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. आणि आपण? ज्यांचा चहा बाटवणारा ठरला ते आपलेच लोक होते, तेव्हा आपल्याला हे लागणारच. अंत्युखियात पेत्र विदेश्यांबरोबर जेवत असे आणि यरुशलेमची माणसे आल्यावर मागे सरला. पौलाने त्याला तोंडावर दोष दिला, हे गलतीकरांस पत्रात आपण वाचतो. पण त्याच पौलाने यहूद्यांखातर तीमथ्याची सुंता केली, हेही प्रेषितांच्या कृत्यांत आहे. रानड्यांचे पाऊल यांपैकी कशाजवळ ठेवायचे? आम्ही पुष्कळ विचार केला आणि आम्हांला ते पेत्राच्या अधिक जवळ वाटते. फरक इतकाच, की पेत्र स्वतःसाठी भ्यायला होता आणि रानडे दुसऱ्यांच्या मुलींसाठी वाकले.

दुसरी बाजूही नोंदवावी. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या तेव्हा रानडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढच्या वर्षी इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, तरी शारदा सदनच्या सल्लागार मंडळावर रानडे आले. मुलींना ख्रिस्ती केले जाते असा गवगवा झाल्यावर १८९३ मध्ये ते आणि भांडारकर त्यातून बाहेर पडले. तिथेही पंगत अर्धी राहिली.

प्रायश्चित्ताचे सर्वांत जास्त दुःख रमाबाई रानड्यांना झाले. पतीवर देवासारखी श्रद्धा असलेली ही बाई. १९१० साली त्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध केल्या, तेव्हा हा प्रसंग गाळला असता तरी कुणी विचारले नसते. त्यांनी तो लिहिला, आणि आपल्याला वाईट वाटले हेही लिहिले.