हिमरूच्या धाग्यातली वाफ

छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात हिमरूची शाल उलगडली की आधी डोळ्यांत भरते ती चमक. पूर्वी ती रेशमाची असे. आता बऱ्याच शालींत कृत्रिम रेशीम, म्हणजे रेयॉन असते. (हिमरू मुळात किमखाबाची स्वस्त नक्कल. नकलेत नक्कल शिरली तर तक्रार कुणी करायची?) रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून होते. आणि ते लाकूड ज्या रीतीने आधी शिजवतात, तिच्याच पोटी काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढण्याचे तंत्र जन्मले, असे माझे ठाम मत आहे.

लाकूड घ्या, उसाचे चिपाड घ्या नाहीतर पऱ्हाटी. सेल्युलोजचे धागे, त्यांना लपेटलेले हेमिसेल्युलोज आणि सगळ्यांना घट्ट धरणारे लिग्निन, हे त्रिकूट सगळीकडे सारखेच. घरचा कुकर 120 अंशांच्या आसपास थांबतो. इथे बंद भांड्यात पाणी 180 ते 220 अंशांवर नेतात. दाब 10 ते 23 बार. मग हेमिसेल्युलोजला चिकटलेले अ‍ॅसिटिक आम्ल सुटते. बाहेरून आम्ल न घालताही काडी स्वतःच्याच आंबटपणात शिजते. हेमिसेल्युलोज साखर होऊन पाण्यात उतरते, लिग्निन मऊ होऊन थेंबाथेंबाने सरकते, सेल्युलोज उघडे पडते.

रेयॉनवाल्यांना हे का हवे होते? क्राफ्ट पद्धतीत लाकूड कॉस्टिकमध्ये शिजते. लिग्निन जाते, पण हेमिसेल्युलोज हट्टाने मागे राहते. कागदाला ते चालते, धाग्याला नाही. म्हणून कॉस्टिक घालण्याआधी लाकडाचे तुकडे नुसत्या पाण्यात किंवा वाफेत शिजवण्याचा टप्पा आला. आपल्या जवळचे उदाहरण तुंगभद्रेकाठच्या हरिहरचे. तिथे निलगिरीपासून रेयॉनचा लगदा होतो. काही रेयॉन-लगदा सल्फाइट पद्धतीचा असतो आणि त्यात हा टप्पा नसतो, त्यामुळे एखाद्या शालीवर हात ठेवून मी शपथ घेणार नाही.

अभियंते मात्र या तंत्राचा वेगळा आजा दाखवतात: अमेरिकेतला विल्यम मेसन. मिसिसिपीतल्या लॉरेल गावी 1920च्या दशकात त्याने लाकडाचे तुकडे तोफेसारख्या भांड्यात वाफेने भरले आणि झडप एकदम उघडली. लाकूड धागे होऊन बाहेर उडाले. त्याचे तक्ते दाबून मेसोनाइट झाले. धमाका भारी, हे मान्य. पण पुढच्या प्रयोगांत दिसले की काम मुख्यतः उष्णतेने होते, स्फोटाने नव्हे. दाब हळूच सोडला तरी सेल्युलोज बऱ्यापैकी उघडते. म्हणजे मेसनची तोफ काढून घ्या. उरते ते रेयॉनवाल्यांचे पातेले.

प्रतिपक्षाचा एक पुरावा मात्र मला खरोखर अडचणीचा आहे. मेसोनाइट कंपनीने धुण्याचे पाणी फेकले नाही. त्यात उतरलेली साखर आटवून तिने मेसोनेक्स नावाची काकवी जनावरांच्या खाद्यासाठी विकली. माझ्या रेयॉनवाल्यांनी ते गोड पाणी बहुधा जाळूनच टाकले. साखरेची किंमत आधी मेसनकडच्यांनी ओळखली, एवढे द्यावेच लागते. तरीही झडप न उडवता शांतपणे शिजवण्याची शिस्त लगद्याच्या कारखान्यातूनच आली असावी, हा माझा अंदाज मी सोडत नाही.

बंद भांड्यात दाबाखाली शिजवण्याची कल्पना त्याहून जुनी: दनी पापँचे 1679चे हाडे शिजवणारे भांडे. ते दोन्ही घराण्यांचे खापरपणजोबा.

इथेनॉलसाठी उघड्या सेल्युलोजची साखर करून ती आंबवावी लागते. ही साखर करणारे विकरही कापडातूनच आले. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू, पट्टे कुजू लागले. ते खाणाऱ्या बुरशीला पुढे संशोधक एल्विन रीझ यांच्यावरून ट्रायकोडर्मा रीझिआय हे नाव मिळाले. आजही इथेनॉलसाठी लागणारी बरीचशी विकरे तिच्याच वंशातली.

पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने 2017मध्ये दौंडजवळ काडीकचऱ्यापासून इथेनॉल काढण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. त्यांचेच तंत्र पानिपतला इंडियन ऑइलच्या कारखान्यात गेले. तो 10 ऑगस्ट 2022ला राष्ट्राला अर्पण झाला. तिथे भाताच्या काडापासून दिवसाला 1 लाख लिटर इथेनॉल काढण्याची क्षमता आहे. मराठवाड्यात वेचणी संपली की पऱ्हाट्या उपटून चुलीला जातात, नाहीतर बांधावर पेटवतात. भाताच्या काडापेक्षा पऱ्हाटीत लिग्निन जास्त, म्हणून ती शिजवायला अवघड. तिचे खरे नाते निलगिरीच्या लाकडाशी. त्यामुळे पऱ्हाटीचा कारखाना काढणाऱ्याने पानिपतच्या आधी हरिहरला चक्कर मारावी.