चुलवाणापुढं, १५ नोव्हेंबर २०१६

पहाटेचे चार. करवीर तालुक्यातलं एक गुऱ्हाळ. चुलवाणाला जाळ घालणं हे तुमचं काम. चिपाडं आत सारताना तोंड भाजतं, पाठ मात्र थंडीनं काकडते. वर काहिलीत रस उकळतोय. गुळव्या नुसत्या फेसाच्या रंगावरून सांगतो, आदण कधी उतरायचं ते.

खिशात आठवड्याची मजुरी आहे, पाचशेच्या सहा नोटा. घामानं ओल्या. ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. देशातल्या चलनाच्या किमतीत त्यांचा वाटा ८६ टक्के. तुमची मजुरी त्यानंतरची. "दुसरं न्हाईच गा माझ्याकडं," मालक म्हणाला, आणि खोटं बोलला नाही. मार्केट यार्डातल्या अडत्यानं त्यालाही त्याच दिल्या होत्या. बाद नोट अशी वरून खाली उतरत जाते आणि ज्याला ती पुढं सरकवायला कुणी नाही, त्याच्या खिशात थांबते.

उजाडताच जिल्हा बँकेची शाखा गाठता. गावात दुसरी बँक नाही. दारावर कागद: जुन्या नोटा घेणार नाही. रिझर्व्ह बँकेनं कालच जिल्हा बँकांना मनाई केली आहे. काळा पैसा इथून पांढरा होईल, ही शंका. ती बड्या खातेदारांबद्दल असेल. दार तुमच्यापुढं बंद झालं. "मामा, कोल्हापुरात जावा," आतला पोरगा हळूच सांगतो.

एसटी. आधारची झेरॉक्स. रांग. आजचा खाडा. ४,५०० पर्यंत बदलून मिळतात म्हणे, पण तीन वाजता रोकडच संपते. समोरच्या दुकानात कुणीतरी कार्ड घासून टीव्ही नेतो. रांगेच्या कडेला एक जण कुजबुजतो, "पाचशेला चारशे." तुम्ही दोन नोटा देता. त्याच्याकडं खाती आहेत, ओळखी आहेत, ३० डिसेंबरपर्यंतचा वेळ आहे.

क्षणभर ऑगस्ट २०१८ मध्ये या. रिझर्व्ह बँकेचा अहवाल सांगतो, ९९.३ टक्के नोटा परत आल्या. तुमच्या त्या दोन त्यातच असणार, दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर. तिकडं कोल्हापूरसह राज्यातल्या आठ जिल्हा बँकांकडं मनाईआधी घेतलेल्या ११२ कोटींच्या जुन्या नोटा तशाच अडकून पडल्या आहेत.

परत या. अंधार पडलाय. उरलेल्या चार नोटा तुम्ही पिठाच्या डब्यामागं ठेवता. पहाटे पुन्हा जाळाला बसायचंय, नाहीतर दुसरा खाडा.

"आधार कार्ड काढून ठेवा," बायको भाकरी थापता थापता म्हणते. "उद्या मी जाते रांगंत."