संगणक-नीतिशास्त्र : विश्वासार्ह संदर्भ शोधायचे कसे?

जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने दोन वकिलांना व त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात त्यांनी आधारासाठी दिलेले अनेक निवाडे मुळात अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचलेले होते. संगणकाच्या नैतिकतेवर प्रबंध लिहिणाऱ्यावरच अशी वेळ आली, तर त्यासारखी नामुष्की नाही. म्हणूनच संदर्भ कुठे व कसे शोधावेत, हे आधी जाणून घ्यायला हवे.

प्रारंभ कुठून?
'स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी' या विनामूल्य ज्ञानकोशात २००१ पासून या विषयावर स्वतंत्र नोंद आहे. नोंदीअखेरची ग्रंथसूची हाच खरा ठेवा. नॉर्बर्ट वीनर (१९५०), जोसेफ वायझेनबाउम (१९७६), जेम्स मूर व डेबोरा जॉन्सन (दोघेही १९८५) हे या विद्याशाखेचे पायाभूत लेखक होत.

नियतकालिके आणि परिषदा
'एथिक्स अँड इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी' हे त्रैमासिक १९९९ पासून निघते. अल्गोरिदममधील पक्षपातावरील संशोधनासाठी २०१८ पासून भरणारी 'फॅक्ट' परिषद महत्त्वाची. एखाद्या घटनेचा अभ्यास कसा करावा, याचा वस्तुपाठ म्हणजे नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांचा १९९३ चा लेख. 'थेरॅक-२५' या यंत्राने १९८५ ते १९८७ दरम्यान सहा रुग्णांना दिलेल्या घातक किरणोत्सर्गाची मीमांसा त्यात आहे.

शोधाची रीत
एकच विषय 'कॉम्प्युटर एथिक्स', 'इन्फर्मेशन एथिक्स' वा 'एआय एथिक्स' अशा नावांनी वावरतो. प्रत्येक नावाने शोध घ्यावा. चांगला लेख हाती लागला की त्याच्या संदर्भसूचीवरून मागे जावे आणि 'गूगल स्कॉलर'वर तो नंतर कोणी उद्धृत केला, हे पाहून पुढे यावे. 'अर्काइव्ह'वरील लेख समीक्षेविनाही प्रसिद्ध होतात, याचे भान ठेवावे.

भारतीय साधने
भारतीय विद्यापीठांतील प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा'वर विनामूल्य वाचता येतात. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेमुळे शासकीय उच्चशिक्षण संस्थांना हजारो नियतकालिके खुली झाली आहेत. खासगीपणाच्या अभ्यासकाने पुट्टस्वामी खटल्याचा निकाल (२०१७) व डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा (२०२३) मुळातूनच वाचावा.

अखेरची कसोटी सोपी आहे. लेखाचा डीओआय क्रमांक उघडतो का, लेखक व वर्ष जुळते का, हे तपासावे; आणि जो लेख स्वतः वाचलेला नाही, तो संदर्भसूचीत घालू नये.